पाचवं तोंड

अप्पा खुर्ची ओढून धाकटीच्या शेजारी बसायला लागले, तेव्हापासून ताईच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. ते कशाचं आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तिने ते कोणालाच दाखवलं नाही.

अप्पा म्हणजे दोघींचे वडील. दुकानं, ऑफिसं, गोदामं, एक सिनेमागृह अशा अकरा इमारतींच्या सपाट गच्च्या राखायचं काम त्यांनी जन्मभर केलं. वर्षातून दोनदा गच्चीवर जायचं. पाणी जायच्या तोंडांवरच्या जाळ्या साफ करायच्या, कठड्याच्या कडेचे सांधे बघायचे, पाइप जिथून गच्चीत शिरतो तिथला गळा तपासायचा, वॉटरप्रूफिंगच्या थराला कुठे फुगा आलाय का ते तळपायाने चाचपायचं. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. ते अप्पांच्या डोक्यात होतं आणि तिथून ताईच्या पायांत उतरलं होतं. पंधराव्या वर्षी ती त्यांच्यामागून पहिल्यांदा शिडी चढली, आता तिला एकेचाळिसावं लागलं होतं. धाकटी तिला ताई म्हणायची म्हणून कामगार ताई म्हणायला लागले, कामगार म्हणतात म्हणून गिऱ्हाइकं म्हणायला लागली. लग्नाचं कोणी काढलंच तर ती म्हणे, "अकरा गच्च्या आहेत पदरात, आणखी संसार कुठे करू?"

सात वर्षांपूर्वी अप्पांचा खुबा मोडला. "जन्मभर उंचावर फिरलो आणि पडलो कुठे, तर मोरीत," असं तेच हसून सांगत. तेव्हापासून अप्पा खाली आणि ताई वर अशी वाटणी झाली. संध्याकाळी ती घराला लागून असलेल्या वर्कशॉपच्या नळावर हातांचं डांबर काढत असली, की अप्पा बाकावरून एकेक विचारत. गोदामाचा मधला सांधा कसा आहे? सिनेमावाल्यांनी टाकी सरकवली का? ती सांगे, ते डोळे मिटून ऐकत, जणू तिच्या पायांनी स्वतःच वर फिरून येत. तो अर्धा तास कोणी मागितला असता, तर ताईने तो कशाच्याही बदल्यात दिला नसता.

मग धाकटी आली. ती बारा वर्षं एका दातांच्या दवाखान्यात बसत होती, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वेळा लावून द्यायची. डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद केला आणि ती मोकळी झाली. त्याच सुमाराला एकेका इमारतीचे मॅनेजर अप्पांकडे मागणी करायला लागले होते, की वर्षभरात आमच्या गच्चीवर काय काय करणार आणि कधी, ते लिहून द्या. अप्पांना लिहायचं म्हटलं की घाम फुटे. ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. धाकटी म्हणाली, "मी देते ना करून. दातांचंही असंच असतं. दुखायला लागल्यावर पळत येणारे वेगळे आणि सहा महिन्यांनी दाखवून जाणारे वेगळे. आपण गच्च्यांना दाखवून जायची सवय लावू."

अप्पा यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ताईने पाणी आणून दिलं. तिच्या एकाही बोलण्यावर ते असे हसल्याचं तिला आठवेना.

दोन महिन्यांत अकरापैकी सात गच्च्यांचे आराखडे तयार झाले. प्रत्येक गच्चीला एक निळी फाइल. फाइलीत गच्चीचा नकाशा, कोणत्या महिन्यात काय तपासायचं त्याची यादी, प्रत्येक कामापुढे खूण करायला चौकोन. मॅनेजर लोक खूश झाले. ते ताईला ताईच म्हणत राहिले, पण धाकटीला मॅडम म्हणायला लागले. आणि अप्पा रोज संध्याकाळी टेबलाशी, धाकटीच्या खांद्याला खांदा लावून. ती विचारी, ते सांगत. कोणता पाइप कधी बदलला, कुठल्या कठड्याला आतून चीर आहे, कुठला उतार उलटा पडलाय. जे ताईने उन्हात पोळून, गुडघे सोलून, एकेका वर्षाला एकेक करून मिळवलं होतं, ते धाकटी पंख्याखाली बसून संध्याकाळच्या दोन तासांत लिहून घेत होती. ताई नळाशी हात धुई तेव्हा आता कोणी काही विचारत नसे. एकदा तिने आपणहून सांगितलं, "गोदामाचा सांधा उकललाय." अप्पा मान वर न करता म्हणाले, "हिला सांग, ही लिहून घेईल."

त्या शब्दांनी ताईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने हात इतके घासले की डांबराबरोबर कातडीही गेली.

आठवी फाइल फर्निचरच्या शोरूमची होती. ती गच्ची ताईची खास. अकरा वर्षांपूर्वी अप्पांना कावीळ झाली आणि ते दीड महिना अंथरुणाला खिळले, त्याच वेळी शोरूमवाल्यांनी गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात नावाच्या पाटीसाठी सिमेंटचा भला मोठा ओटा बांधला. त्याच्यामागे पाणी अडायला लागलं. ताईने कोणाला न विचारता छिन्नी-हातोडा घेतला, कठड्याच्या बुडाशी भोक पाडलं, उतार करून पाइप बसवला आणि पाण्याला तिथून वाट काढून दिली. गच्चीला पाणी जायची चार तोंडं होती, हे पाचवं. ओट्यामागे वाकून पाहिल्याशिवाय ते दिसतही नसे. बरे झाल्यावर अप्पा वर आले, पालथे पडून त्यात कोपरापर्यंत हात घातला, बाटलीभर पाणी ओतून पाहिलं आणि म्हणाले, "मी केलं असतं तर यापेक्षा वेगळं केलं नसतं." त्यांच्या तोंडून निघालेलं इतकं मोठं कौतुक तेवढं एकच. ताईने ते जपून ठेवलं होतं.

त्या शोरूमची फाइल काढली त्या संध्याकाळी ताई नळाशी होती आणि टेबलावरचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"पाणी जायची तोंडं किती, अप्पा?"

"चार. दोन रस्त्याच्या बाजूला, दोन मागे."

ताईने नळ बारीक केला.

"नक्की चार?"

"त्या गच्चीवर मी उभं आयुष्य चाललोय. मला नक्की विचारतेस?"

ताई थांबली. आता आठवेल, मग आठवेल. पण धाकटीने पान उलटलं आणि दोघं एसीच्या यंत्रांकडे वळली. ताईने नळ बंद केला. अप्पांना उलटा उतार आठवत होता, वीस वर्षांपूर्वी बदललेला पाइप आठवत होता. तिचं तेवढं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कागद घेऊन आली. "ताई, यावर एकदा नजर घाल ना. अप्पा सांगतात तसं मी लिहिलंय, पण वर तू जातेस."

ताईने कागद वाचला. चार तोंडं, चार चौकोन. "छान लिहिलंयस," ती म्हणाली. "छापल्यासारखं."

"काही राहिलंय का?"

"अप्पांनी सांगितलंय ना? मग मी कोण?"

धाकटीला टोमणा कळला, पण त्यात काय दडलंय हे कळायचं काही कारण नव्हतं. तिने कागद फाइलीत लावून टाकला.

पुढे चार आठवडे ताई मूग गिळून बसली. बोलायची वेळ गेली होती असं नाही. मॅनेजरला फाइल दिली तेव्हा सांगता आलं असतं. धाकटीने कामं वाटून दिली तेव्हाही सांगता आलं असतं. त्या वाटपात शोरूमची सफाई उंच्याकडे गेली. उंच्या म्हणजे नवा कामगार, नावाप्रमाणे ताडमाड, कामाला चोख. "यादी हातात असली की सफाई कोणीही करू शकेल," धाकटी म्हणाली, "ताईचे हात अवघड कामांना मोकळे राहतील." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. ताईच्या कानात त्यातला 'कोणीही' एवढाच शब्द शिरला आणि तिथेच रुतून बसला. करू दे मग कोणीही, ती मनाशी म्हणाली. शोरूमवरून ती दोनदा गेली, शिडी गाडीवरच होती, जाळी मोकळी करायला दहा मिनिटं पुरली असती. ती थांबली नाही. जे यादीत नाही ते मी का करावं?

मग सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. तो अर्थातच मॅडमना आला.

ताई आणि उंच्या गच्चीवर पोचले तेव्हा मागच्या कोपऱ्यात पोटरीभर पाणी होतं. तळं वाढत वाढत एका पाइपच्या गळ्यापर्यंत चढलं होतं आणि तिथून आत उतरत होतं. ताई सरळ ओट्यामागे गेली, पालथी पडली, खांद्यापर्यंत हात घातला आणि कुजलेला पाला, पिसं, प्लॅस्टिकची पिशवी असा एक काळा गोळा ओढून बाहेर काढला. पाणी घशात अडकलेला घोट सुटावा तसं आवाज करत निघालं.

उंच्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेली यादी होती. "ताई, यात चारच आहेत. मी चारही चकाचक केली होती."

"माहीत आहे."

"मग हे इथे..."

"झाडू आण," ताई म्हणाली.

खाली पलंगांच्या विभागात फॉल्स सीलिंगचे दोन चौकोन कोसळले होते. ज्या पलंगावर कोसळले, त्याच्या शेजारच्या पलंगावर एक म्हातारं जोडपं गादी कशी आहे ते आडवं पडून बघत होतं. दोघांना खुर्च्या देऊन बसवलं होतं. आजीबाई सगळ्यांना सांगत होत्या, की मी यांना म्हटलं होतं, आधी ती पलीकडची बघू, पण यांनी ऐकलं नाही म्हणून वाचलो. भिजलेल्या गाद्यांच्या मधोमध धाकटी फडकं घेऊन लादी पुसत होती आणि मॅनेजर तिच्या डोक्यावर उभा राहून बोलत होता.

ताईने हे दृश्य मनात किती वेळा रंगवलं होतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. आता कुठे गेली ती निळी फाइल, असं वाटलं. तेवढ्यात तिची नजर त्या आजीबाईंच्या हातांवर गेली. तोंडाने त्या बडबडत होत्या, पण हातांनी आजोबांची बाही घट्ट धरून ठेवली होती.

"तुमचा माणूस म्हणतो, मागे पाचवं तोंड आहे. मॅडम, तुमच्या आराखड्यात ते का नव्हतं?" मॅनेजर विचारत होता.

धाकटीने तोंड उघडलं. पण दारातून आवाज आला, "तिला बोलू नका." अप्पा काठी टेकत आत येत होते, शेजाऱ्याच्या गाडीतून आले होते. "मी सांगितलं तेच तिने लिहिलं. मी विसरलो."

हे त्यांनी चारचौघांत, दुकानाच्या भर उजेडात म्हटलं.

त्या दिवसापासून अप्पा टेबलाशी बसेनासे झाले. ताईशेजारीही बसले नाहीत. बाकावर एकटेच बसत आणि बोटं मोजत. आज वार कोणता ते दोन-दोनदा विचारून घेत. खिशातली किल्ली काढून बघत, परत ठेवत, परत काढत. धाकटीने उरलेल्या तीन गच्च्यांचं काही विचारलं तर हात हलवत म्हणत, "मला विचारू नकोस. आता छताचे चौकोन पडले, पुढच्या वेळी कोणाच्या डोक्यावर पडेल." धाकटी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आजार वगैरे काही नाही, वयाचा विसराळूपणा आहे, इतका सगळ्यांनाच येतो. अप्पांना ते पटलं नाही. "मी काय काय विसरलोय हे डॉक्टरला काय माहीत? मलाच माहीत नाही."

धाकटी त्यांचा दंड धरून त्यांना गाडीतून उतरवत होती आणि ताई वर्कशॉपच्या दारातून बघत होती. एवढं सगळं झाल्यावरही तिच्या मनात पहिलं काय आलं, तर डॉक्टरकडे हिनेच का न्यायचं. स्वतःचीच तिला शिसारी आली. बाण तिने मारला होता धाकटीवर, लागला होता अप्पांना, आणि तरी तिची मत्सराची गाठ सैल व्हायचं नाव घेत नव्हती.

दोन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, तिघं वर्कशॉपमध्ये होती. धाकटी फाइली लावत होती, ताई थाप्या घासत होती. अप्पा एकदम म्हणाले, "ते तोंड तू कधी केलंस?"

"तुम्हाला कावीळ झाली होती तेव्हा."

"मी पाहिलं होतं ते?"

"हो. हात घालून पाहिलंत. पाणी ओतून पाहिलंत."

"काय म्हणालो?"

ताईने ते वाक्य त्यांना सांगितलं. अकरा वर्षांत ते पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर आलं.

"चांगलं म्हणालो," अप्पा म्हणाले. "पण आठवत नाही." मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं, "पण तुला ठाऊक होतं ना? मग हिने यादी तुला दाखवली नव्हती का?"

ताईचा हात थांबला. तिच्या आधी धाकटीच बोलली, फाइलीवरून नजर न उचलता. "घाईघाईत दाखवली असेल, अप्पा. ताईला तेव्हा सिनेमाच्या गच्चीचं काम होतं. तिला नीट बघायला वेळ कुठे होता?"

म्हणजे हिला माहीत होतं. माहीत असूनही ही बोलली नव्हती. ताईला उपकार वाटायला हवे होते. तिला वाटलं ते असं, की इथेही हीच मोठी ठरली. आता मात्र ते तिला सोसवेना.

"वेळ होता," ती म्हणाली. "मी पूर्ण यादी वाचली. पाचवं नाहीये हे मला त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"का?"

ताईने उत्तर शोधलं. एकच होतं आणि ते चाळिशी उलटलेल्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. "तुम्ही तिच्याजवळ बसत होतात."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "माझा राग होता तर माझ्यावर काढायचा. भांडी आपटायची, शिव्या द्यायच्या. तू गच्चीवर काढलास? खाली माणसं होती." त्यांचा आवाज फाटला. "दोन आठवडे मी सकाळी उठून अकरा इमारती मोजतोय. दहाच भरल्या की छातीत धडधडतं. तू बघत होतीस ना?"

"बघत होते."

"बघत होतीस," अप्पा म्हणाले आणि काठी घेऊन आत निघून गेले. पुढचे चार दिवस ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ताई नळाशी गेली. धाकटी मागोमाग आली आणि तिच्या हातावर तेल ओतलं, डांबर सुटायला.

"तुला कधी कळलं?" ताईने विचारलं.

"शोरूममध्ये. तू गच्चीवरून खाली आलीस आणि उंच्याला एका शब्दाने बोलली नाहीस. एरवी जाळी राहिली असती तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस."

"मग अप्पांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? ते माझे झाले असते?" धाकटी तेलाची बाटली बंद करत म्हणाली. "मलाही तुझा राग येतो, ताई. लहानपणी तुम्ही दोघं वर जायचात आणि मी खाली सायकली राखत बसायचे. वरून तुमचं हसणं ऐकू यायचं. काय बोलता ते कधी कळायचं नाही."

ताई हात घासत राहिली, पण सावकाश.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शोरूमच्या मॅनेजरकडे गेली आणि त्याला सांगून टाकलं, की चूक माझ्या वडिलांची नाही, मॅडमची नाही, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. त्याने तिला नोकरमाणसांसमोर असं फैलावर घेतलं, की तिचे कान लाल झाले. शेवटी म्हणाला, सहा महिने बघतो. सफाईला तुम्ही जातीने यायचं आणि खाली सही तुमची. ताईने मान हलवली.

चौथ्या दिवशी अप्पा आपणहून बोलले. "विसरलो ते विसरलोच," ते म्हणाले. "त्याला तू काय करणार? पण विसरलेलं सांगायला घरात माणूस होतं, हे कळलं असतं तर मी एवढा भ्यालो नसतो." त्यांनी माफ केलं की नाही ते त्यांनाच ठाऊक. टेबलाशी मात्र परत बसायला लागले.

आठही आराखडे नव्याने तपासायचे ठरले. ताई म्हणाली, नुसतं बसून नको, ही वर येऊ दे. धाकटीला उंचीची भीती होती, हे ताईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ऑफिसच्या इमारतीच्या लोखंडी जिन्यावर ती पायरी-पायरीला थांबली, वर पोचल्यावर उभी राहीना, आणि सगळी गच्ची तिने गुडघ्यांवर रांगत पाहिली. उंच्या तोंड फिरवून हसत होता. रांगता रांगता एसीच्या यंत्राखाली तिची मान गेली आणि ती म्हणाली, "ताई, ही चीर बघ." केसाएवढी चीर होती, यंत्राच्या पायापासून कठड्यापर्यंत गेलेली. यंत्र बसवल्यापासून सहा वर्षं ताई त्याच्या शेजारून ताठ मानेने चालत आली होती. खाली वाकून तिने ती कधीच पाहिली नव्हती.

अप्पा खाली गाडीत बसले होते. धाकटीने फोनवर त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज ताईपर्यंत ऐकू आला. "शाबास. दोघींत तूच माझ्यावर गेलीस."

ताईच्या काळजात कळ गेली, अगदी पूर्वीसारखीच. धाकटी फोन हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"मला जळायला होतंय," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. नकाशावर चीर काढ, कुठपासून कुठपर्यंत ते नीट लिही. आणि त्या कोपऱ्यात पाणी थांबतं, ते अप्पांना माहीत नाही. तेही लिही."

धाकटी लिहायला बसली. ताईने घमेल्यातून ब्रश उचलला, यंत्राखाली पालथी झाली आणि चिरेतली धूळ झाडायला लागली.